जांभळ्या बुडाची रोपं

ती सही अजून त्या फील्डबुकात आहे. नंतर मी तिच्यावर काट मारली, पण शाईवर शाई मारली म्हणून खालचं पुसलं जात नाही. वाचता येतं. "मुठी बदलून लावल्याने पांढऱ्या ओळीत भेसळ. चूक लावणीच्या बायांची." आणि खाली माझं नाव, वळणदार, सातवीत हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेल्या मुलीचं.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. आमचा भाग जालन्याच्या पलीकडचा, बियाण्याच्या प्लॉटांचा. कपाशीच्या क्रॉसिंगला पोरींची बारीक बोटं लागतात. दुपारी कळी सोलायची, आतली नराची केसरं नखानं खरवडून काढायची, मधल्या काडीला धक्का लावायचा नाही. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचे पराग त्या काडीवर फिरवायचे. शाळेचीही वेळ तीच. गुरुजी दोनदा घरी आले, तिसऱ्यांदा आले नाहीत. माझ्या अंगठ्याचं नख कळीच्या चिकानं काळं पडलं ते चार वर्षं काळंच राहिलं.

भावाला कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवर काम लागलं, त्याच्या मागोमाग मी पनवेलला आले. दीड वर्षात भाऊ गावाकडं परतला आणि मी राहिले, कारण तोवर मला प्लॉटवर काम मिळालं होतं. पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या बाजूला, एका बियाणे कंपनीनं भाताच्या संकरित वाणासाठी जमीन भाड्यानं घेतली होती. तिथल्या साहेबांनी माझं शिक्षण विचारलंच नाही. "क्रॉसिंग केलंयस?" एवढं विचारलं आणि माझी बोटं बघितली. मी त्या दिवशी खोलीवर येऊन रडले होते. इतक्या लांब, ओळख ना देख, आणि कुणी तरी माझ्या कळ्या सोललेल्या बोटांना किंमत दिली. पुढं जे झालं त्यात या उपकाराचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पहिल्याच हंगामात साहेबांनी मला शेतात उभं केलं आणि एक लोंबी हातात दिली. म्हणाले, "यातला नर काढायचा नाहीये. तो आधीच निकामी आहे."

मला कळेना. भाताचं फूल म्हणजे ते काय, तुसाएवढं. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला उघडतं, आणि त्यातून सहा बारीक पिशव्या दोऱ्यांना लटकून बाहेर येतात. चांगल्या भाताच्या पिशव्या पिवळ्या, टपोऱ्या. बोटाला लावल्या तर पिवळी पूड लागते. माझ्या हातातल्या लोंबीच्या पिशव्या पांढऱ्या होत्या, सुकलेल्या, पूड काहीच नाही. बाजूच्या चार ओळी पिवळ्या पिशव्यांच्या. बाकी दोन्ही भातं जुळ्या बहिणींसारखी सारखी. फुलं उघडली की दोघींनी दोन टोकांना दोरी धरायची आणि पिकावरून ओढत न्यायची. पिवळ्या ओळीची पूड उडून पांढऱ्या ओळीवर पडते, दाणा पांढऱ्या ओळीत धरतो, आणि तेच बी पुढच्या वर्षी पुन्हा पांढऱ्या ओळीसाठी पेरायचं. नखं नकोत, चिमटे नकोत, पोरी नकोत.

कंपनीच्या मॅडम दर गुरुवारी पुण्याहून यायच्या. त्यांनी मला सूक्ष्मदर्शक लावायला शिकवला. काचेवर आयोडीनचा थेंब, त्यात पिशवी चिरडायची. चांगले पराग काळे आणि गोल दिसतात, पोटात पीठ भरलेलं असतं म्हणून. पांढऱ्या ओळीचे पराग फिके, चिमटलेले. मॅडम समजावून सांगायच्या, "पिशवीला आतून एक अस्तर असतं. ते परागांना भरवतं. या वाणात ते अस्तर वेळेआधीच मरतं. पराग उपाशी राहतात."

"अस्तर का मरतं?"

"पेशीत ऊर्जेच्या बारीक भट्ट्या असतात, त्या फक्त आईकडून येतात. दोष त्या भट्ट्यांत आहे. म्हणून या झाडाची सगळी लेकरं अशीच निघतात."

"म्हणजे इथंही आईच्याच माथी," मी म्हणाले. मला खरंच राग आला होता.

मॅडम हसल्या. "अगं, नीट ऐक. या भट्ट्या एका रानटी भाताच्या आहेत. त्याच्या स्वतःच्या घरी त्यांचं काही बिघडत नव्हतं, कारण त्या भाताकडे दोष झाकणारा जीनही होता. माणसांनी त्याला उचलून दुसऱ्या घराण्यात आणलं. नव्या घरात तो जीन नाही, म्हणून दोष उघडा पडला. पुन्हा तो जीन असलेला बाप मिळाला, की लेकरं धडधाकट."

हे मी घरी जाताना रिक्षात पुन्हा पुन्हा मनात म्हटलं. कामोठ्यात माझी खोली एका क्लासच्या वर आहे. खाली दहावीच्या मुलांना संध्याकाळी परागीभवन शिकवतात, खिडकीतून सगळं ऐकू येतं. त्या दिवशी मला कळलं की मला त्यातलं जास्त येतं. आणि मग आणखी एक कळलं, आणि अंगाची लाही झाली. नर निकामी असलेली झाडं माणसाला माहीत होती. भातात ती होती, मॅडम म्हणाल्या ज्वारी-बाजरीत होती, कपाशीतही होती. तरी आमच्या भागात पोरी बसवून कळ्या सोलून घेत होते. का, तर मॅडमनी सरळ सांगितलं, "पोरी स्वस्त पडतात." एक जीन वाणात बसवायला जेवढा खर्च, त्याहून आमच्या शाळा स्वस्त.

असो. सांगायचं आहे ते वेगळंच.

लावणीला आणि भेसळ काढायला डोंगरालगतच्या वाडीवरून सात कातकरी बाया यायच्या. त्यांच्यातली थोरली, जिला मी मावशी म्हणायची, तीच सगळ्यांचं काम लावून द्यायची. माझ्या तोंडून "का"च्या जागी गावाकडचं "काऊन?" निघालं की सातही जणी कावळ्यासारख्या ओरडायच्या. मग मी रुसले की मावशी म्हणायची, "रुसू नको, बाय. तू बोलतीस तवा आमाला करमतं." त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून पांढऱ्या आणि पिवळ्या ओळीच्या रोपांच्या मुठी वेगळ्या ठेवायला मावशीनं स्वतःची रीत काढली होती. पांढऱ्या ओळीची मूठ तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधायची, पिवळीची पेंढ्याच्या काडीनं. कंपनीनं दिलेली छापील लेबलं चिखलात वाहून जायची. चिंध्या कधी गेल्या नाहीत.

गेल्या वर्षीच्या लावणीत मावशीनं मला रोपांच्या वाफ्यात हाक मारली. हातात हिरव्या चिंधीची मूठ होती, पाच-सहा रोपं बाजूला काढलेली. "बाय, ही बुडं बघ. जांभळी हायत. आपल्या रोपाचं बूड हिरवं असतं."

मी साहेबांकडं गेले. साहेब फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "ताण बसला की होतं तसं. लाव म्हणावं, आभाळ भरलंय."

मी परत येऊन सांगितलं, "लावा म्हणतात."

मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि लावली. मीही विसरले. भ्यालेल्या माणसाला वरून आलेलं उत्तर लगेच पटतं.

सप्टेंबरच्या शेवटाला भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या. एका सोमवारी सकाळी दहाला मी पांढऱ्या ओळीतून चालत होते आणि एका झाडावर पिवळ्या पिशव्या दिसल्या. मग दुसऱ्यावर. मग पुढच्या ओळीत चार. पांढऱ्या ओळीत पिवळी पूड म्हणजे त्या ओळीचं बियाणं गेलंच. मी सहा झाडांच्या लोंब्या खुडल्या, पळत शेडमध्ये आले, काचा लावल्या. काळे गोल पराग. भरलेले. एखादाच फिका.

"पिवळ्या ओळीची रोपं आहेत ही," मी साहेबांना सांगितलं. मला माझ्या शिकण्याचा अभिमान वाटत होता, हेही लिहायलाच पाहिजे. सातवी शिकलेल्या बाईनं सूक्ष्मदर्शकातून निदान केलं होतं.

साहेब म्हणाले, "म्हणजे बायांनी मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरताना उरलेल्या मुठी कुठल्याही कोंबल्या. मला माहीतच होतं. या लोकांना हिरवं गवत आणि भात यातला फरक कळत नाही." त्यांनी फील्डबुक पुढं ओढलं, स्वतः दोन ओळी लिहिल्या आणि पेन माझ्याकडं केलं. "तूच तपासलंस ना? कर सही."

मी केली. ज्या हातानं मला कामावर घेतलं त्याच हातानं पेन पुढं केलं होतं. आणि मनात एक चोरटं समाधानही होतं, की चूक माझी नाही, कुणाची तरी ठरली.

मंगळवारी बाया आल्या तेव्हा साहेबांनी त्यांना फाटकातच थांबवलं. "उद्यापासून येऊ नका. पुढच्या लावणीलाही नको. बाहेरून टोळी आणतोय."

मावशीनं विचारलं, "काय झालं पण?"

"मुठी बदलल्यात तुम्ही. हिनं बघितलंय मशीनमधून."

ही म्हणजे मी. सातही जणींनी माझ्याकडं बघितलं. कुणी कावळ्यासारखं ओरडलं नाही. बाकीच्या वाटेला लागल्या. मावशी मात्र साहेबांच्या बाजूनं सरळ आत आली, जणू फाटक तिचंच होतं, आणि मला म्हणाली, "चल. दाव कोनचं झाड."

साहेब ओरडायच्या आधी आम्ही ओळीत पोचलो होतो. मी झाड दाखवलं. तिनं लोंबीकडं बघितलंसुद्धा नाही. वाकली, बुंध्याला धरून झाड मुळासकट उपटलं, पाण्यात खळबळून धुतलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

बूड जांभळं होतं.

तिनं शेजारच्या पिवळ्या ओळीतलं एक उपटलं. हिरवं. मग पांढऱ्या ओळीतलं नेहमीचं. हिरवं. मग पुन्हा एक टपोऱ्या पिशव्यांचं. जांभळं. आणि ही झाडं बाकीच्यांहून वीतभर उंच होती, हे मला आत्ता दिसलं. दोन दिवस मी त्यांच्यात उभी होते.

"मी मूठ बदलली असंल तर पिवळ्या ओळीचं बूड जांभळं पायजे का नको?" मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू वरचंच खुडून नेलंस, बाय. बूड कोन बघनार? मी तुला वाफ्यातच सांगितलं व्हतं का नाय?"

"सांगितलं होतं."

"मग हे कुनाचं हाय ते पन सांगू?" तिनं हनुवटीनं बांधाकडं दाखवलं.

बांधाला लागून शेठचा तुकडा होता. शेठ म्हणजे जमिनीचे मालक. गावचेच, बापजाद्यांपासून भात लावणारे. आता बाकी जमिनीवर इमारती उभ्या केल्या आहेत आणि स्वतः अकराव्या मजल्यावर राहतात. दसऱ्याला त्यांच्याकडं नवं बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर दाराला लावायच्या, आणि त्या स्वतःच्या शेतातल्याच हव्यात. दोन वर्षांपूर्वी शेठ साहेबांना म्हणाले होते, "आमच्या आयच्या टायमापासून आमचंच भात दाराला लागतं. बाजारातलं नाय चालत. बांधाकडंला एक तुकडा ठेवा मला." आमच्या ओळींच्या चारी बाजूंना दुसरं भात नको, हा इथला पहिला नियम, वारा पराग कुठूनही आणतो. साहेब म्हणाले होते, "एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय." शेठच्या घरचं भात गावठी, लाल दाण्याचं, उंच. आणि बूड जांभळं.

मला माहीत होतं. पहिल्या दसऱ्याला त्या लोंब्या मीच बुडापासून कापून, लाल दोऱ्यानं बांधून शेठच्या गाडीत ठेवल्या होत्या. माझ्या हाताला ते बूड लागलं होतं. त्याच हंगामात आमच्या पांढऱ्या ओळीत धरलेलं बियाणं गेल्या वर्षी पेरलं होतं.

मी शेडमध्ये येऊन मॅडमना फोन केला. गुरुवारची वाट बघायचा धीर नव्हता. मॅडमनी दोनदा सगळं सांगायला लावलं.

"आई आपली पांढरी ओळ," त्या म्हणाल्या. "बाप शेठचं भात. त्या गावठी भाताकडे दोष झाकणारा जीन असणार, म्हणून लेकरांचे पराग भरले. आणि जांभळं बूडही बापाचंच. भिंगातून तुला एवढंच दिसलं की पराग जिवंत आहेत. ते कुणाचे, हे बुडाशी लिहिलेलं होतं. फोन साहेबांना दे."

साहेबांचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं. "हो मॅडम. हो. नॅचरल आउटक्रॉसिंग आहे. वाऱ्याचं काय करणार आपण? निसर्ग आहे." फोन ठेवून त्यांनी फील्डबुकात नवी ओळ लिहिली. "नैसर्गिक संकरामुळे भेसळ. कारण वारा." शेठ नाही, तुकडा नाही, परवानगी नाही.

माझं डोकं तिथं फिरलं ते अजून पूर्ण थाऱ्यावर आलेलं नाही. सकाळी चूक बायांची होती तेव्हा तिला माणसं होती, हात होते, जात होती, गवत आणि भातातला फरक न कळणारे डोळे होते. दुपारी तीच चूक साहेबांच्या दारात आली तर तिला कुणीच राहिलं नाही. वारा राहिला. कारण चुकीला तोंड हवं असेल तर ते खालच्याच माणसाचं, वरच्याची चूक झाली की हवामान बदलतं.

"साहेब, वरच्या दोन ओळी खोडा," मी म्हणाले.

"कशाला? नवीन लिहिलंय ना खाली."

"बायांचं नाव तसंच राहतंय."

"कोण वाचतंय ते?"

"मी वाचते. सही माझी आहे."

त्यांनी वहीवर हात ठेवला. "तुला इथं कुणी आणलं, विसरलीस?"

"नाही विसरले," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर गावाला परत, आणि गावाला माझ्यासाठी क्रॉसिंगशिवाय काय आहे. हे सगळं त्या एका क्षणात मोजून झालं. तरी मी वही ओढली, दोन्ही ओळींवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, "हे चूक आहे. मुठी बदलल्या नव्हत्या. वाफ्यात जांभळ्या बुडाची रोपं दिसली तेव्हा लावणीच्या बाईंनी सांगितलं होतं. मी आणि साहेबांनी लावायला सांगितली. बांधालगत दुसरं भात आहे." आणि सही केली. पहिल्या सहीइतकी वळणदार आली नाही.

साहेबांनी वही फाडली नाही. गुरुवारी मॅडम येणार होत्या. मला काढलंही नाही. काढता येण्यासारखं नव्हतं, कारण भेसळ दोन-तीन सकाळींत उपटली नाही तर उरलेलं शेतही गेलं असतं, आणि बुडाचा रंग बघत, मान वर न करता एक-एक ओळ झाडून काढणारे सात जोडी डोळे त्यांना एकाच वाडीवर मिळणार होते. संध्याकाळी ते मला म्हणाले, "जा, बोलावून आण त्यांना." जणू त्या रुसून गेल्या होत्या.

मावशी अंगणात बसली होती. मी सगळं सांगितलं, वहीत काय लिहिलं तेही. माफी मागायला लागले तर तिनं हात हलवला.

"ते ऱ्हाऊ दे. सायब काय बोलला?"

"बोलावलंय."

"माझी चूक न्हवती असं बोलला?"

"नाही."

"मग तू ते लिवलेलं तिथं वाच. शेतात. सगळ्या जनींसमोर. आमाला वाचता येत नाय, पन ऐकू येतं." ती उठली, विळा काढून धार बघितली. "आन पयला विळा शेठच्या तुकड्याला. नायतर पुढल्या साली परत आमच्याच मुठी बदलतील."

बुधवारी सकाळी मी बांधावर उभी राहून वाचलं. तळोज्याच्या कारखान्यांकडून वास येत होता, नेहमीचाच. साहेब दूर गाडीपाशी उभे होते, फोन कानाला लावून, पण त्या फोनवर कुणी बोलत नव्हतं हे आम्हाला दिसत होतं. "मी आणि साहेबांनी" हे शब्द आले तेव्हा माझा आवाज बसला. मावशी म्हणाली, "मोठ्यानं." मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

मग सातही जणी शेठच्या तुकड्यात उतरल्या. भात नुकतं निसवलेलं, हिरवं होतं. साहेबांनी दोन पावलं पुढं टाकली आणि थांबले. पाव तासात तुकडा आडवा झाला. मावशीनं त्यातल्या मूठभर लोंब्या वेगळ्या काढल्या, बुडाकडून हिरव्या चिंधीनं बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"शेठला दे. दसऱ्याला दारावर लावायला. वाळल्या की पिवळ्या दिसतील."

लोंब्यांत दाणा भरलेला नव्हता, पोकळ होत्या सगळ्या. मी त्या शेठच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडं ठेवल्या. दसरा झाल्यावर एकदा त्या रस्त्यानं जाताना मान वर करून बघितलं, पण अकराव्या मजल्यावरचं दार खालून दिसत नाही.

यंदाच्या लावणीला मावशी आली, बाया आल्या. बांधालगत काही लावलेलं नाही. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात आणि मला अजून रोज सकाळी फाटकातून आत शिरताना धडधडतं. वाफ्यातून मुठी वर येतात तेव्हा मी आता आधी खाली बघते. आणि मावशी प्रत्येक मूठ माझ्यासमोर उलटी धरते, बुडं वर करून, आणि म्हणते, "बघ, बाय. मग लिव."